देवीला नवरा, भावाला शेत आणि बहिणीला साडीचोळी

नवरात्र जवळ आले की दरवर्षी एक मेसेज मोबाईलवर फिरू लागतो. ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान यांच्या धर्मात देव पुरुष आहे, तिथे देवी नाही, म्हणून तिथे स्त्रीला किंमत नाही. आमच्या सनातन संस्कृतीत मात्र शक्तीची पूजा होते, म्हणून स्त्रीला जगात सर्वाधिक मान इथेच मिळतो, असा त्याचा सारांश. हा मेसेज बहुजन बांधवांच्या ग्रुपवरही मोठ्या भक्तिभावाने पुढे ढकलला जातो. त्याला उत्तर म्हणून आपल्यातलेच काही पुरोगामी मित्र दुसरा मेसेज टाकतात. देवी ही मुळात आमची, मातृसत्तेच्या काळातली. ब्राह्मणांनी ती पळवली. आता तिला परत मिळवा आणि तिचीच पूजा करा.

आमचा या दोन्ही मेसेजना विरोध आहे. पहिला इतिहास म्हणून साफ खोटा आहे. दुसऱ्यातला इतिहास बराचसा विचार करण्यासारखा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष आपल्याला पुन्हा देवळाच्या पायरीवर नेऊन बसवणारा आहे. देवीला नवरा असावा की नसावा, हे आजवर पुजाऱ्याने, राजाने आणि जमिनीच्या मालकाने ठरवले. सोयीचे होते तिथे तिचे लग्न लावले, अडचण झाली तिथे तिला देवळाबाहेर काढले. दोन्ही ठिकाणी जमीन पुरुषाच्याच नावावर राहिली. भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड म्हणतात) आम्ही जे काम करतो, त्यात रोज समोर येणारा कागद म्हणजे बहिणीचे हक्कसोडपत्र. त्या कागदाचा आणि देवीच्या लग्नाचा संबंध काय, हेच या लेखात मांडायचे आहे.

त्यांच्याकडे देवी नव्हती, हे खोटे

ज्यू समाज महाराष्ट्राला परका नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले आणि त्यांचे धर्मग्रंथ मराठीत आलेले आहेत. ख्रिश्चनांच्या ‘जुन्या करारा’तही तेच ग्रंथ आहेत. ते नीट वाचले तरी पहिल्या मेसेजचा फुगा फुटतो.

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे 1929 पासून उत्खनन झाले आणि युगारित नावाचे प्राचीन शहर सापडले. तिथल्या मातीच्या पाट्या ख्रिस्तपूर्व चौदाव्या ते बाराव्या शतकातल्या आहेत. त्यांत एल हा देवांचा बाप आहे आणि अथिरत ही त्याची बायको, देवांची आई आहे. अनत नावाची एक लढाऊ देवी आहे, जी रणात मुडदे पाडते. हीच अथिरत हिब्रू भाषेत अशेरा या नावाने येते. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद येथे 1975-76 मध्ये मातीच्या मोठ्या रांजणांवर लिहिलेले मजकूर सापडले. ते ख्रिस्तपूर्व 800 च्या सुमाराचे आहेत. त्यांत यहोवा आणि ‘त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद दिलेला आहे. इथे अशेरा म्हणजे देवी की देवीचा पवित्र खांब, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण यहोवाच्या शेजारी तिचे नाव घेतले जात होते, यावर वाद नाही. नाईल नदीतल्या एका बेटावर राहणाऱ्या ज्यू सैनिकांच्या वसाहतीत तर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातही अनत-याहू हे नाव कागदपत्रांत आढळते. इस्लामपूर्व अरबस्तानातही अल-लात, अल-उझ्झा आणि मनात या देवींची पूजा होत होती.

म्हणजे देवी होती. मग गेली कुठे? बायबलमधल्या ‘राजे’ या ग्रंथातच ते लिहिलेले आहे. ख्रिस्तपूर्व 622 च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया याने यरुशलेमच्या मंदिरातून अशेराची मूर्ती बाहेर काढली, जाळली आणि तिची राख केली. त्याच मंदिराच्या आवारात बायका अशेरासाठी कापड विणत बसत, त्या खोल्याही त्याने पाडल्या. गावोगावच्या टेकड्यांवरची ठाणी मोडली. यापुढे यज्ञ, नवस, दशमांश जे काही द्यायचे ते राजधानीतल्या एकाच मंदिरात, एकाच पुरोहितवर्गाच्या हातात. गावोगावी पसरलेली दक्षिणा राजधानीत गोळा करण्याचा हा कारभार होता आणि त्याला नाव दिले धर्मशुद्धीचे. पुढे यिर्मया नावाच्या संदेष्ट्याशी बायका भांडल्याचा प्रसंग येतो. आम्ही आकाशराणीला धूप दाखवत होतो, पोळ्या वाहत होतो, तोवर पोटाला मिळत होते. ते बंद केल्यापासून उपासमार आली, असे त्या तोंडावर सांगतात. त्यांचे कुणी ऐकले नाही.

पण मग देवी होती तेव्हा बाईचे भले होते का? युगारितची अनत कितीही शूर असली तरी जमिनीचा हिशेब वेगळाच चालला होता. बाबिलोनमध्ये इश्तार ही मोठी देवी. त्याच बाबिलोनचा राजा हम्मुराबी, ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातला. त्याच्या कायद्यात देवाला वाहिलेल्या मुलींसाठी कलमे आहेत. सिप्पार शहरात सूर्यदेव शमशला वाहिलेल्या अशा मुली श्रीमंत घरांतून येत आणि वेगळ्या आवारात राहत. बापाने मुलीला दिलेल्या जमिनीबाबत, ती कुणालाही देण्याचा अधिकार लिहून दिलेला नसेल, तर बाप मेल्यावर तिचे भाऊ शेत आणि बाग ताब्यात घेतात आणि तिला धान्य, तेल व लोकर पुरवतात. ती मेल्यावर सगळे भावांचेच.

शेत भावाला आणि बहिणीला वर्षाचे धान्य, तेल, लोकर. भोर-वेल्ह्यातल्या वाचकाला यात नवीन काय वाटेल? आपल्याकडे लोकरीच्या जागी साडीचोळी असते, एवढाच फरक.

देवी हाकलल्यानंतरचे चित्रही पाहा. जुन्या कराराच्या ‘गणना’ या ग्रंथात सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बापाला मुलगा नाही, म्हणून बापाचे नाव आणि जमीन बुडवणार का, असा सवाल त्यांनी सगळ्या जमातीसमोर उभे राहून मोशेला केला. वाटा मंजूर झाला. पण काही अध्यायांनंतर जमातीचे कारभारी तक्रार घेऊन येतात आणि मुलींवर अट बसते, की लग्न आपल्याच वंशातल्या पुरुषाशी करा, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही. देवी असताना जमीन भावाची आणि देवी गेल्यावर जमीन भाऊबंदांची. जे लोक देवी असण्या-नसण्यावरून स्त्रीचा दर्जा मोजतात, त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

आमच्या डोंगरातल्या बिननवऱ्याच्या आया

आता आपल्या मावळात येऊ. तोरण्यावर मेंगाई आणि तोरणजाई. भोरहून घाट चढून गेले की वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाई. कुणाच्या वस्तीत मरीआई, कुणाच्या रानात जाखाई, कुणाच्या वेशीवर वाघजाई. ही नावे बोलताना लोक सोबत नवऱ्याचे नाव घेत नाहीत. नावाच्या शेवटी आई, जाई नाहीतर बाई. मूर्ती नव्हतीच कित्येक ठिकाणी, शेंदूर फासलेला तांदळा आणि भोवती देवराई. अशेराचे चिन्हही झाड किंवा लाकडी खांबच होते, आणि वेदीजवळ तसले झाड लावू नये अशी आज्ञाच बायबलात आहे. इथे कुणी आज्ञा काढावी लागली नाही. कित्येक गावांत देवराईची झाडे गेली, तांदळ्यामागे संगमरवरी मूर्ती उभी राहिली, वर सिमेंटचा कळस आला आणि पाटीवर ‘आई’ची ‘श्री माता’ झाली.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची अशी ठाणी पायी हिंडून पाहिली आणि 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांवर लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या देवी अन्न गोळा करून जगणाऱ्या माणसांच्या काळापासून चालत आल्या. गुरे राखणारे लोक आपले पुरुष देव घेऊन आले. दोन समाज एकत्र आले तिथे देव आणि देवीचे लग्न लागले, जिथे संघर्ष झाला तिथे देवीने त्या देवाला राक्षस म्हणून मारले. त्यामुळे एकाच रेड्याच्या देवाची दोन रूपे दिसतात. म्हसोबा म्हणून तो शेताच्या बांधावर पुजला जातो, जोगूबाईचा नवरा होतो आणि महिषासुर म्हणून दुर्गेच्या पायाखाली पडतो.

याचे जिवंत उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भोर तालुक्यात उगम पावणारी नीरा खाली पुरंदरात जाते, तिथे वीर हे गाव आहे. वीरचा म्हस्कोबा धनगरांच्या कथांमधला देव. दरवर्षी माघ पौर्णिमेला त्याचे लग्न लागते आणि दूरदूरच्या पालख्या वऱ्हाड म्हणून येतात. आज पत्रिकेवर नवरदेव ‘श्रीनाथ’ म्हणून येतो आणि नवरी ‘जोगेश्वरी’ म्हणून. जोगूबाईची जोगेश्वरी झाली, काळूबाईची काळेश्वरी झाली. काळूबाईची कथा सांगतानाही आता सुरुवात पार्वतीपासून होते. म्हणजे लाख्यासुराला मारण्याचा पराक्रम तिचा, पण ओळख शंकराची बायको म्हणून. बाईच्या नावापुढे ‘ईश्वरी’ लावले की तिला ईश्वर शोधावा लागतो, आणि ईश्वर आला की त्याची पोथी येते, पोथी वाचणारा येतो, त्याची दक्षिणा येते.

महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त हे कोडे आपल्या पद्धतीने सोडवले. खंडोबा, म्हसोबा हे बळीराजाच्या राज्यातले अधिकारी होते, असे त्यांनी मांडले. त्यांची व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला पटेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण तात्यासाहेबांनी म्हसोबाला अधिकारी ठरवले ते त्याला नवस करण्यासाठी नव्हे. शेंदूर खरवडून खालचा माणूस पाहा, हे त्यांना सांगायचे होते.

बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये देवींवर एक स्वतंत्र प्रश्नच उभा केला. महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ 1987 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावरून केवढे वादळ उठवण्यात आले हे आपण जाणतो. बाबासाहेब विचारतात, ब्राह्मणांनी देवांना खाली उतरवून देवींना गादीवर का बसवले? त्यांनी दाखवलेला फरक महत्त्वाचा आहे. वैदिक देवींना मान होता तो देवांच्या बायका म्हणून, एक प्रकारचे सौजन्य म्हणून. पुराणातल्या देवी स्वतःच्या पराक्रमावर पूजा मागतात, कारण त्या रणांगणात उतरून असुरांना मारतात. मग इतके देव असताना असुर मारायला देवीच का लागावी, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे.

आम्ही त्या सवालाला आणखी एक जोडतो. देवी गादीवर बसली त्या काळात बाईचे काय झाले? त्याच परंपरेतल्या मनुस्मृतीने बाईला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात दिले. 1951 साली ‘महाबोधी’ मासिकातल्या लेखात बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या अधोगतीची जबाबदारी मनूवर ठेवली. देवीच्या हातात आठ शस्त्रे आणि बाईच्या हातात काहीच नाही, ही व्यवस्था एकाच वेळी, एकाच हाताने लिहिली गेली.

देवाच्या जिवंत बायका

देवाची बायको ही फक्त पुराणातली गोष्ट असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. जेजुरीच्या खंडोबाला म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. या दोन लग्नांचे कौतुक समन्वयाची कथा म्हणून केले जाते. पण खंडोबाची तिसरी बायको कोण? नवस फेडण्यासाठी भंडारा लावून देवाशी लग्न लावलेली मुरळी. तिच्यात आपल्या अस्पृश्य समाजातल्या मुली किती होत्या, हे आपल्या आज्यांना विचारा. देवाशी लग्न झालेल्या या मुलीला संसार करण्याची परवानगी नव्हती आणि गावातल्या मातब्बरांना तिच्यावर हक्क सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

याविरुद्ध पहिला आवाज उठवणाऱ्यांत पुण्याचे शिवराम जानबा कांबळे होते. 1908 मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर त्यातून हल्ला चढवला. 1934 मध्ये मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. धर्मांतराच्या घोषणेनंतर आठ महिन्यांनी झालेली ही सभा आहे. धर्म सोडायचा म्हणजे काय सोडायचे, हे त्या बायांना सर्वात आधी कळले असणार.

देवी आमची आदिमाता म्हणून तिची पूजा सुरू करा, असे सांगणाऱ्या मित्रांना आमचा प्रश्न आहे. ही आदिमाता त्या मुरळीच्या मदतीला कधी आली? मुरळीला सोडवले ते शिवराम जानबांच्या लेखणीने, कायद्याने आणि बाबासाहेबांच्या चळवळीने. शरद पाटलांसारख्या विचारवंतांनी मातृसत्तेवर जे संशोधन केले, त्याचा आम्ही आदरच करतो. ते वाचलेच पाहिजे. पण इतिहासात आपली आई सापडली म्हणून तिला शेंदूर फासण्याची गरज नसते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीसकट हिंदू धर्मातल्या कोणत्याही देवदेवतेला न मानण्याची आहे. तिच्यात ‘बहुजनांची देवी असेल तर चालेल’ अशी पळवाट ठेवलेली नाही.

सातबाऱ्यावरची देवी

आता मूळ मुद्द्याकडे. देवीच्या नावावर जमीन असते. इनामांच्या वर्गवारीत देवस्थान इनाम हा वर्ग 3, आणि महार वतन हा वर्ग 6 ब. स्वातंत्र्यानंतर इनामे-वतने रद्द करणारे कायदे झाले. महार वतनासारखी कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने गेली. जमीन परत हवी तर साऱ्याच्या पटीत पैसे भरा आणि नव्या शर्तीवर घ्या, असे सांगितले गेले. ज्याला पैसे भरता आले नाहीत त्याची जमीन सरकारजमा. देवस्थान इनाम मात्र शाबूत राहिले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गावची मेलेली ढोरे ओढली त्याचे वतन गेले, आणि जिला जेवण लागत नाही तिचे राहिले.

पण त्या जमिनीचा मालक तरी देवी आहे का? कायद्याच्या नजरेत मूर्ती ही व्यक्ती आहे, मात्र कायमची अज्ञान. म्हणजे अल्पवयीन मुलासारखी. तिच्या वतीने व्यवहार करायला पालक लागतो आणि तो पालक म्हणजे वहिवाटदार, पुजारी किंवा ट्रस्टी. महिषासुराला मारणारी देवी सातबाऱ्यावर आली की तिला सही करता येत नाही. पुजारी हा मालक नसून केवळ व्यवस्थापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या खटल्यात सांगावे लागले. सांगावे लागले याचा अर्थ उघड आहे.

गावातल्या बाईचीही स्थिती अशीच ठेवलेली आहे. फरक एवढाच की बाई सज्ञान आहे आणि तिला सही करता येते. म्हणून तिची एकच सही लागते, हक्क सोडण्याची.

पुण्याच्या इतक्या जवळ, धरणांच्या कडेला आणि किल्ल्यांच्या पायथ्याला असल्यामुळे भोर-वेल्ह्यातल्या वरकस जमिनीला, जिथे नाचणी आणि वरईशिवाय काही पिकत नव्हते, आज फार्महाऊस आणि प्लॉटिंगवाल्यांचा भाव आला आहे. एजंट आधी सातबारा पाहतो आणि विचारतो, बहिणींची हक्कसोड झाली का? मग वर्षानुवर्षे न आठवलेल्या बहिणी आठवतात. सासरी गाडी जाते. वडिलांच्या दहाव्याला आलेली असेल तर तिथेच विषय निघतो. “ताई, फक्त सही करायची आहे, माहेर तुटायला नको.” वहिनी साडी आणते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो होतो. काही ठिकाणी तर एवढेही कष्ट घेत नाहीत, वारसनोंदीतच मुलींची नावे गाळली जातात. आणि नवरात्रात हाच भाऊ घट बसवण्यासाठी शेतातली काळी माती आणतो. त्या मातीत देवीसमोर धान्य उगवते. ती माती कायद्याने अर्धी बहिणीची आहे, हे त्या घरात कुणी बोलत नाही.

हा हक्क देवीने दिलेला नाही. हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा असावा म्हणून बाबासाहेब झगडले. धर्म बुडाला म्हणत सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले, सरकारने बिल रेंगाळत ठेवले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला काही दिले, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तेही त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरता, तो दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार झाली. बाप त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. राजीनाम्यापासून इथवर 69 वर्षे लागली. या 69 वर्षांत नवरात्रे 69 झाली.

बहिणीला वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील, असे म्हणतात. दोन भावांत वाटणी झाली तरी तुकडे होतातच. मग धाकट्या भावाकडे कुणी हक्कसोड का मागत नाही? लग्नात खर्च केला, असेही म्हणतात. भावाच्या लग्नातही मांडव होता, त्याचा खर्च त्याच्या वाट्यातून वजा होतो का? आणि माहेर तुटेल ही धमकी तर सर्वात वाईट. सही केली तरच टिकणारे माहेर हे हम्मुराबीच्या काळातल्या भावाचे माहेर आहे.

आणि हे दुखणे फक्त देवीभक्तांच्या घरात आहे असे नाही. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि हक्कसोडही बौद्ध वस्तीत होते. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, दर पौर्णिमेला वंदना, आणि राहिलेल्या दोन-चार गुंठ्यांवरून बहिणीचे नाव गायब. तिसरी प्रतिज्ञा पाळून देवी सोडली, पण देवीभक्ताचा सातबारा तसाच ठेवला, तर धम्म घरात आला असे म्हणता येणार नाही. कार्ल्याचे लेणे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. चैत्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे आणि तिथे गर्दी असते. आत खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्खुणी आहेत, बाया आहेत. कान्हेरी, कुडा, जुन्नर, सगळीकडे अशी नावे सापडतात. दान द्यायला आधी स्वतःचे काही असावे लागते. बाईचे नाव दगडावर कोरणारी परंपरा आपली आहे. ते नाव कागदावरून खोडणारी परंपरा आपली असू शकत नाही.

म्हणून या नवरात्रात आमचे सांगणे असे आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या घरचा सातबारा आणि आठ अ काढा. त्यावर आईचे, आत्याचे, बहिणीचे नाव आहे का पाहा. वारस लावताना एकाही मुलीचे नाव गाळू देऊ नका. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले की मागे फिरणे फार कठीण असते, त्यामुळे समोर ठेवलेला कागद स्वतः वाचल्याशिवाय किंवा विश्वासाच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. दहाव्याच्या दिवशी तर कोणत्याच कागदावर नको. आणि भावांनो, बहिणीने मागण्याची वाट पाहू नका. ती मागणार नाही, कारण मागणारी बहीण वाईट असते हे तिला लहानपणापासून शिकवले आहे.

मेंगाईला नवरा होता की नाही, अशेरा यहोवाची बायको होती की नाही, यावर अभ्यासकांनी जरूर वाद घालावा. आम्हीही तो आवडीने वाचू. पण वेल्ह्यातल्या बाईला गटनंबरमध्ये वाटा मिळाला का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी कुणाकडे नाही. ते तहसील कचेरीत आहे, आणि तिथे जायला नवस लागत नाही.

जय भीम.